पट्ट्याला फ्यूज नसतो

ट्रकच्या रेडिएटरमागचा पंखा हा गाडीतला सगळ्यांत प्रामाणिक आणि सगळ्यांत निर्बुद्ध भाग. इंजिन फिरलं की तो फिरतो. इंजिन जोरात तर तोही जोरात, इंजिन सुस्त तर तोही सुस्त. पाणी उकळायला आलंय की अजून गारठलेलंच आहे, बाहेर पौषातली पहाट आहे की वैशाखातली दुपार, याची त्याला खबर नसते आणि फिकीरही नसते. क्रँकच्या पुलीवरून रबरी पट्टा निघतो, वॉटर पंपाची पुली फिरवतो, आणि त्याच पंपाच्या नाकावर चार बोल्टांनी पंखा आवळलेला असतो. एवढाच सगळा कारभार.

लग्नघरात असा एक काका हमखास असतो. मांडवात सगळं सुरळीत चाललेलं असताना तो घाम पुसत धावत असतो, आणि ऐन पंगतीत आमटी संपते तेव्हा कोपऱ्यात पान जुळवत बसलेला सापडतो. या पंख्याचं तसंच. मोकळ्या हायवेवर गाडी सत्तर-ऐंशीनं पळते तेव्हा समोरून वारा फुकट येत असतो, पंख्याची गरज जवळजवळ उरलेली नसते, आणि नेमका तेव्हाच तो जिवाच्या आकांतानं घोंघावतो. कोंडीत गाडी उभी राहिली, वारा थांबला, आतलं पाणी चढायला लागलं, की इंजिन सातशे-आठशे फेऱ्यांवर उतरतं आणि पंखाही त्याच्याबरोबर निवांत होतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या दाजींनी त्यांच्या जुन्या डिझेल पिकअपचा हा पंखा उतरवून तिथं विजेवर चालणारे दोन पंखे बसवून घेतले. मी तेव्हा ताईकडं गेलो होतो, म्हणून त्या कामाला गॅरेजमध्ये बसून राहिलो. बसून राहण्यासारखं काम होतं.

आधी थोडं उष्णतेविषयी, कारण भांडण सगळं तिथलं आहे. डिझेल जळून जी ऊर्जा निघते तिचा ढोबळ हिशेब असा, की साधारण तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो, तिसरा सायलेन्सरवाटे धुराबरोबर जातो, आणि उरलेल्यातला बराचसा इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरतो. म्हणजे गाडी ओढायला जेवढी ताकद लागते, जवळजवळ तेवढीच उष्णता क्षणोक्षणी रेडिएटरमधून बाहेर फेकावी लागते. वीस-पंचवीस खोल्यांचे हिटर एकदम चालू ठेवायचे आणि त्यांची सगळी उष्णता बाहेर फेकत राहायची, इतकं ते काम मोठं आहे. पाणी इंजिनातून रेडिएटरकडं सोडणारी थर्मोस्टॅटची झडप साधारण ८२ अंशांना उघडायला लागते. आपल्याकडचे कित्येक मिस्त्री ही झडप काढून कोपऱ्यात फेकतात आणि ‘वॉल काढला, आता गाडी गरम होणार नाही’ असं छातीठोक सांगतात. गाडी मग थंड राहते हे खरं, पण इतकी थंड, की डिझेल नीट जळत नाही आणि इंजिन आतून झिजत राहतं. थंडपणा हा गुण आहे असं समजून केलेली ही चूक हजारो गाड्यांच्या नशिबी आलेली आहे.

दुसरी गोष्ट झाकणाची. रेडिएटरचं झाकण आतला दाब धरून ठेवतं, त्यामुळं पाणी शंभर अंश ओलांडूनही उकळत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३७२ मीटरवर आहे. तिथं उघड्या पातेल्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळी घेतं. दाबाचं झाकण नसतं तर घाट चढून वर पोचणारी गाडी, चढण्याच्या श्रमानं तापलेली असतानाच, कमी अंशांना उकळली असती. हेच झाकण गरम असताना उघडलं तर मात्र तोंडावर वाफेचा फवारा. जुने ड्रायव्हर त्यावर ओलं गोणपाट टाकून झाकण अर्धाच आटा फिरवायचे आणि मान बाजूला करून उभे राहायचे. मानेची ती ठेवण बघितली की माणूस किती वर्षं स्टिअरिंगवर आहे हे सांगता यायचं.

मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे २००२ साली पुरा झाला. त्याआधीचा बोरघाट ज्यांनी उन्हाळ्यात पाहिला आहे त्यांना बॉनेट उघडून रांगेनं उभे असलेले ट्रक आठवत असतील. मागच्या चाकाला दगड, क्लीनर डबा घेऊन पाण्याच्या शोधात, ड्रायव्हर सावलीला. घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना या डोंगरातून वाट दाखवणारा धनगर तो, अशी त्याची कथा. जाणारे-येणारे आजही तिथं नाणं टाकतात. नाणं टाकणाऱ्यांत ब्रेकची भीती असलेले जास्त की रेडिएटरची, याचा हिशेब देवळाकडं नसणार. पण खाली उतरताना ब्रेक आणि वर चढताना पाणी, घाटातल्या ड्रायव्हरच्या दोन काळज्या ह्याच, आणि दोन्ही मुळात उष्णतेच्याच.

पट्ट्याच्या पंख्यावर इंजिनीअर लोकांचा राग आहे तो एका गणितामुळं. पंखा दुप्पट वेगानं फिरवला तर हवा दुप्पट ओढली जाते, पण तो फिरवायला लागणारी ताकद दुप्पट नाही, आठपट होते. चौपट वेग केला तर चौसष्टपट. उभ्या गाडीत ज्या पंख्याचा भार जाणवतसुद्धा नाही, तोच पंखा इंजिन चढ्या फेऱ्यांवर गेलं की काही अश्वशक्ती गिळून बसतो, आणि तेही गरज नसताना. भल्यामोठ्या ट्रकचा पंखा पूर्ण जोरात असेल तर तीस-चाळीस अश्वशक्ती सहज खातो. एका छोट्या मोटारीचं अख्खं इंजिन एवढंच असतं.

तेव्हा पंख्याला थोडी अक्कल द्यावी असं अनेकांना वाटलं, आणि ती त्यांनी वेगवेगळ्या वाटांनी दिली. एक वाट म्हणजे पुली आणि पंखा यांच्यामध्ये सिलिकॉनचं घट्ट तेल भरलेली डबी. डबीच्या तोंडावर दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी असते; रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ती पट्टी पीळ सोडते, आतली वाट उघडते, तेल पसरून पंख्याला पकडतं. हवा निवली की पकड सुटते. पहाटे असा ट्रक सुरू केला की रात्रभर डबीत साचलेल्या तेलामुळं पंखा मिनिटभर उगाच गर्जना करतो आणि मग गप्प होतो. १९६० साली आलेल्या पेजो ४०४ मोटारीत पंख्याला विद्युतचुंबकाचा क्लच होता, पाणी तापलं की पंखा जोडायचा, निवलं की सोडायचा. १९५९ च्या मिनीत ॲलेक इसिगोनिसनं इंजिनच आडवं टाकलं. आता क्रँकचं तोंड गाडीच्या पुढं न येता कडेला आलं. त्यानं रेडिएटरही उचलून कडेला, चाकाच्या शेजारी नेला, पण पंखा पट्ट्यावरच ठेवला. पुढं आडव्या इंजिनाच्या गाड्यांनी रेडिएटर परत समोर आणला, आणि तिथवर पट्टा पोचेना म्हणून पंख्याला स्वतःची मोटर दिली.

आपल्याकडं १९८३ साली आलेली मारुती ८०० ही असल्या गाड्यांपैकी. पद्मिनी आणि ॲम्बॅसेडर पट्ट्याच्या पंख्यावर वाढलेल्या. आता अचानक एक पंखा आला जो स्वतःच्या मर्जीनं चालू व्हायचा आणि मर्जीनं थांबायचा. पुढं तर चावी काढून मालक जिन्यात पोचला तरी खाली गाडीत घूं घूं चालू, अशा मोटारी आल्या. सोसायटीतला कुणीतरी भला माणूस बेल वाजवून सांगायला यायचा, अहो, तुमच्या गाडीत काहीतरी चालू राहिलंय. काहीच चालू राहिलेलं नसायचं. इंजिन बंद झालं तरी त्याच्या अंगात उष्णता शिल्लक होती, आणि ती उष्णता पंख्याला ठाऊक होती.

दाजींचा धंदा कोयनेच्या खोऱ्यातला. पाटणहून भाजीपाला भरून कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरायचं आणि येताना कोकणातलं जे मिळेल ते वर आणायचं. कधी सुकी मासळी, कधी रोपवाटिकेतली कलमं, एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या. त्यांना विजेचा पंखा हवा होता तो तीन कारणांनी. घाटात पुढं एखादा ट्रक बंद पडला की मागं तासभर अडकायचं, आणि तेवढ्यात काटा लालकडं सरकायचा. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आलं की पट्ट्याचा पंखा ते पाणी उचलून सगळ्या इंजिनावर फेकायचा. पाणी खोल असेल तर पाती वाकून रेडिएटरला घासायची भीती, म्हणून पाण्यात घालण्याआधी खाली उतरून पट्टा ढिला करायचा. आणि तिसरं कारण त्यांनी सगळ्यांत मोठ्यानं सांगितलं, ते म्हणजे गाडी आता जास्त देईल. डिझेलच्या गाडीविषयी कुणी काही बदल केला की पहिला प्रश्न ‘किती देते?’ हाच असतो. इंजिनाचं आयुष्य, ड्रायव्हरचा जीव, आवाज, या गोष्टी त्या प्रश्नाच्या मागून येतात.

गॅरेज कराडच्या बाहेर, विट्याच्या रस्त्याला. उसाचा हंगाम चालू असल्यानं दारात उसाचे ट्रक आणि ट्रॅक्टर उभे. मिस्त्री साठीकडं झुकलेला, कमी बोलणारा. दाजींनी कोल्हापूरच्या भंगार बाजारातून आणलेले दोन पंखे त्याच्यापुढं ठेवले. कुठल्यातरी अपघातातल्या छोट्या मोटारींचे, काळ्या प्लॅस्टिकच्या पात्यांचे. अमेरिकेत लोक जुन्या पिकअपसाठी फोर्ड टॉरस मोटारीचा पंखा भंगारातून असाच शोधून आणतात. म्हणजे दाजी एका मोठ्या परंपरेत होते, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं.

मिस्त्रीनं एक पंखा उचलला, पातं बोटानं फिरवलं, कानाशी नेऊन बेअरिंग ऐकलं आणि खाली ठेवला.

“बसवतो. पन मालक, पट्ट्याला फ्यूज नसतो.”

“पट्टा तुटतो की,” दाजी म्हणाले.

“तुटायच्या आधी आठ दिस बोंबलतो. ह्यो गपगार मरतो.”

या दोन वाक्यांत जे होतं त्याच्यापलीकडं पुढच्या सगळ्या चर्चेत कुणी काही नवीन बोललं नाही, मीसुद्धा नाही. पट्टा सैल झाला की किंचाळतो. पंपाचं बेअरिंग जायला आलं की घरघरतं, पुली लचकते, खाली पाण्याचे थेंब दिसतात. पट्ट्याचा पंखा बिघडतो तोही आवाज करत, सगळ्या गावाला सांगत. विजेच्या पंख्याचा कार्बन झिजला, रिलेचा पॉइंट जळला, अर्थिंगच्या वायरीखाली गंज चढला, तर बाहेर काहीच कळत नाही. सगळं पहिल्यासारखंच दिसतं आणि ऐकू येतं, फक्त पंखा फिरत नाही.

काम सुरू झालं. ग्रिल काढली, पाणी काढलं, रेडिएटर उचलून बाहेर ठेवला. मग जुना पंखा. चार बोल्ट सुटल्यावर तो मिस्त्रीच्या हातात आला तेव्हा मला त्याचं वजन पाहून नवल वाटलं. पत्र्याची सहा पाती, कडा गंजलेल्या, मधला भाग मात्र घासून चकचकीत. हे एवढं धूड इतकी वर्षं पंपाच्या बेअरिंगवर लोंबकळत होतं. पंप वरचेवर का जायचा, याला वेगळं उत्तर शोधायची गरज राहिली नाही.

नव्या पंख्यांबरोबर प्लॅस्टिकच्या पिना आल्या होत्या. रेडिएटरच्या जाळीतून आरपार घालून पंखा थेट जाळीलाच अडकवायचा, अशी त्यांची युक्ती. मिस्त्रीनं त्या पिना मुठीत घेतल्या आणि उकिरड्याच्या दिशेनं टाकल्या. गाडी हलते, पंखा हलतो, पीन नळ्यांवर घासते, आणि वर्ष-दोन वर्षांत रेडिएटरला बारीक भोक. त्यानं पट्टीच्या लोखंडाची चौकट केली, ती रेडिएटरच्या बाजूच्या बोल्टांवर धरली, आणि शेजारच्या पत्रेवाल्याकडून पूर्ण जाळी झाकेल असा पत्र्याचा खोका करून आणला. खोक्यात दोन गोल भोकं, त्यात दोन पंखे. हा खोका नसेल तर पंखा फक्त आपल्यासमोरच्या गोलातूनच हवा ओढतो आणि चारी कोपरे कोरडे राहतात. खोका असला की सगळ्या जाळीतून हवा यावी लागते, दुसरी वाटच नसते. खोक्याच्या खालच्या अंगाला त्यानं जुन्या ट्यूबच्या रबराच्या झडपा लावल्या. गाडी वेगात असताना समोरचा वारा त्या उचलून निघून जाईल, कमी वेगात पंख्याच्या ओढीनं त्या चिकटून बसतील. हे त्याला कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाला, “मोटारीत असतंय तसं.” त्यानं कुठल्यातरी नव्या मोटारीचं पोट पाहून ठेवलेलं होतं.

पुढचं काम वायरमनचं. तो पोरगेला, आणि बोलका. त्याच्या मते सगळा खेळ वायरीच्या जाडीचा. दोन पंखे मिळून पंचवीस-तीस अँपिअर ओढणार, सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. एवढा प्रवाह बारीक वायरीतून नेला तर वायरच हिटर होते, आणि मग बॉनेटखाली दोन ठिकाणी आग. त्यानं सहा एमएमची वायर घेतली. बॅटरीतून निघाल्याबरोबर, हातभर अंतराच्या आत फ्यूज. मग रिले, त्याच्या चार पायांवर कोरलेले आकडे: तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीला पंखा, पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या मध्ये हुकूम. हुकूम देणारा म्हणजे रेडिएटरच्या टाकीत झाळून बसवलेला पितळी स्विच, अंगठ्याएवढा. ९२ अंशांना जोडतो, ८७ ला सोडतो. मधले पाच अंश मुद्दाम ठेवलेले. ते नसते तर पंखा एका अंशावर चालू-बंद, चालू-बंद करत राहिला असता आणि रिले आठवड्यात खलास झाला असता.

इथं दाजींनी एक मागणी केली. डॅशबोर्डवर आपल्या हातचं बटण हवं. घाट दिसला की आपण आधीच पंखा लावणार. मिस्त्रीनं मान हलवली. म्हणाला, माणसाच्या हातात दिलं की माणूस इसरतो. वायरमननं तोड काढली. बटण पितळी स्विचच्या बरोबरीनं जोडायचं, असं की बटणानं पंखा चालू करता येईल, पण पाणी तापलेलं असेल तर बटणानं बंद करता येणार नाही. चालू करायचा अधिकार दोघांना, बंद करायचा फक्त पाण्याला. मला ही घटना फार आवडली, राज्यघटनेच्या अर्थानं. पाण्यातून गाडी न्यायची असेल तेव्हा फ्यूज उपटून खिशात टाकायचा, हेही ठरलं.

मग दिव्याचा मुद्दा निघाला. पंखा चालू असल्याचं कळावं म्हणून दाजींना हिरवा दिवा हवा होता. वायरमन तो रिलेच्या सत्त्याऐंशीवरून घ्यायला निघाला तेव्हा मिस्त्री पहिल्यांदाच मोठ्यानं हसला. तो दिवा काय सांगणार? पंख्याकडं करंट गेला एवढंच. पंखा फिरला का, हे दिव्याला कसं कळणार? मोटर जळून बसली असेल, वायर मधेच तुटली असेल, तरी दिवा हिरवागार. सरकारी फाईल पुढं गेली म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्यांनी असा दिवा लावावा. वायरमन जरा ओशाळला, पण दिवा लावला. आणि त्याच्या शेजारी एक कर्कश बझर लावला, काटा एका ठराविक रेषेपलीकडं गेला की वाजणारा. हे दोन मिळून कुठं पूर्ण वाक्य होतं. दिवा हुकूम सांगतो, बझर परिणाम सांगतो.

चाचणीची वेळ आली. मिस्त्रीनं भिंतीवरच्या गणपतीपुढची उदबत्ती उचलली आणि ग्रिलसमोर धरली. वायरमननं बटण दाबलं. डाव्या बाजूला धुराची रेघ सरळ आत खेचली गेली, जाळीवर चपटी झाली आणि नाहीशी झाली. उदबत्ती उजवीकडं नेली तर धूर उलटा मिस्त्रीच्या मिशांवर. उजवा पंखा पाठीमागून पुढं फुंकत होता; त्याच्या दोन वायरी उलटसुलट झाल्या होत्या. दोन्ही पंखे दिसायला तितक्याच जोमानं फिरत होते, आवाजही तोच. उदबत्ती नसती तर एका पंख्यानं ओढलेली हवा दुसऱ्यानं परत बाहेर टाकली असती, आणि दोघांनी मिळून बॅटरीतले तीस अँपिअर उडवून रेडिएटरला काहीच दिलं नसतं. वायरी बदलल्या, धूर दोन्हीकडून आत जायला लागला, आणि मिस्त्रीनं उदबत्ती पुन्हा गणपतीपुढं खोचली.

तोवर दारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रकचा ड्रायव्हर आत येऊन हे बघत होता. त्यानं विचारलंच, “आमच्या गाडीला बसतील का असलं?” मिस्त्री नुसता हसला. मी मोबाइलवर हिशेब मांडला. ट्रकच्या पंख्याला ऐन वेळी तीस अश्वशक्ती लागते असं धरू. तीस अश्वशक्ती म्हणजे सुमारे बावीस हजार वॉट. ट्रकची बॅटरी चोवीस व्होल्टची. भागाकार केला तर नऊशे अँपिअरच्या वर जातो. स्टार्टर मोटरला क्षण-दोन क्षण पुरवायचा तसला प्रवाह तास-तासभर पुरवत राहायचा. मनगटाएवढ्या केबली लागतील आणि इंजिनाएवढा डायनामो. शिवाय इंजिनानं डायनामो फिरवायचा, डायनामोनं वीज करायची, विजेनं मोटर फिरवायची. साध्या डायनामोत येणाऱ्या ताकदीचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग उष्णता होऊन वाया जातो. पट्टा हे सगळे दलाल टाळून ताकद थेट पोचवतो. छोट्या गाडीला अर्ध्या अश्वशक्तीत भागतं म्हणून तिथं विजेचा पंखा शहाणा ठरतो. जिथं खरोखर राक्षसी वारा लागतो, तिथं अजून पट्टा, आणि पट्ट्यावर ती सिलिकॉनची डबी. ड्रायव्हरला मी एवढं सगळं सांगितलं नाही. “तुमच्या गाडीला बॅटऱ्या पुरणार नाहीत” एवढं सांगितलं, आणि त्याला ते पटलं.

दाजींच्या गाडीचाही खरा प्रश्न इथंच दडलेला होता, आणि तो कोंडीचा नव्हता. कोंडीत विजेचा पंखाच सरस, याबद्दल वाद नाही. पण भरली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढते तेव्हा इंजिनाच्या फेऱ्या भरपूर असतात, आणि त्या वेळी जुना पंखा खरोखरच मन लावून काम करत असतो. श्रम वाढले की वाराही आपोआप वाढतो. विजेचे पंखे तिथं आपल्या ठरलेल्या जोरावरच फिरणार. इंजिनानं कितीही जीव काढला तरी त्यांचा वेग तेवढाच. म्हणजे ज्या कामासाठी पंखे बसवले त्यात ते पास होणार हे नक्की, आणि ज्या कामाबद्दल आजवर तक्रार नव्हती तिथं नापास होण्याची शक्यता. हिवाळ्यात रिकामी गाडी चालवून यातलं काहीच कळण्यासारखं नव्हतं. मिस्त्रीनंही तेच सांगितलं, मे महिना येऊ द्या.

मे महिन्यात मी परत गेलो, आणि चिपळूणहून वर येताना दाजींच्या शेजारी बसलो. मागं आंब्याच्या पेट्या, दोरखंड आणि ताडपत्री. अलोरे-पोफळीपर्यंत पंखा एकदाच लागला आणि थोड्या वेळात थांबला. पोफळीला डोंगराच्या पोटात कोयनेचं पाणी जनित्रं फिरवत असतं. त्याच डोंगराच्या पाठीवरून आम्ही आमचे पंचवीस-तीस अँपिअर घेऊन चढायला लागलो. पहिल्या वळणानंतर हिरवा दिवा लागला तो विझेचना. काटा जुन्या जागेहून बोटभर वर गेला आणि तिथं थांबला. दाजी रस्त्याकडं कमी आणि काट्याकडं जास्त बघत होते, ते मला काही ठीक वाटलं नाही.

त्यांची दुसरी अडचण मला उशिरा उमगली. जुना पंखा गाडीतला सगळ्यांत मोठा आवाज होता. त्याच्या घोंघाटावर ते गिअर टाकायचे, कधी टाकतो हे त्यांना कधी कळलंही नव्हतं. आता तो आवाज नाही. त्याच्या खाली दबलेले आवाज वर आले होते, टॅपेटची टिकटिक, पंपाची खडखड, मागच्या फाळक्याचा साखळदंड. गाडी बिघडलीय असं त्यांना पहिले काही दिवस वाटत राहिलं होतं. “हे समदं आधीपासनं वाजत हुतं म्हनं,” ते म्हणाले, जरा नाराजीनंच.

अर्ध्या घाटात एका वळणावर ट्रक आडवा होऊन बसलेला. रांग लागली. इंजिन चालू ठेवून आम्ही थांबलो. आजवर हीच वेळ दाजींच्या भीतीची. दिवा हिरवा, पंखे एकसुरात. आणि उभ्या गाडीत, भर उन्हात, काटा खाली यायला लागला. ८७ अंशांना पंखे थांबले. दाजींनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, ग्रिलमधून आत डोकावून आले, परत बसले. पुढच्या टेंपोवाल्याचं बॉनेट उघडलेलं होतं. त्याला पाणी द्यायला दाजींनी आपला कॅन दिला, आणि तो कॅन परत येईपर्यंत आमच्या गाडीला दोन पंखे कसे आहेत याची कथा आसपासच्या चार ड्रायव्हरांना ऐकवून झाली. कथेत उदबत्ती होती, नऊशे अँपिअर होते, मिस्त्रीच्या मिशा होत्या. ‘किती देते?’ हा प्रश्न आला तेव्हा मात्र ते घुटमळले. फरक असेल तर लिटरमागं सांगावा इतका नव्हता. घाटातल्या धिम्या गाडीत तो असायचं कारणही नव्हतं. “बघू,” म्हणाले, “अजून मोजलं न्हाई.” त्यांनी मोजलेलं होतं.

हेळवाकला वर आलो तेव्हा पंखे पुन्हा चालूच होते, आणि कोयनानगर मागं पडल्यावर थांबले. त्या रात्री जेवताना मी मिस्त्रीच्या एका अटीची आठवण काढली. काम संपल्यावर त्यानं दाजींना बजावलं होतं, की एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाईपर्यंत जुना पंखा भंगारात घालायचा नाही. चारी बोल्ट आणि एक पट्टा त्याच्याबरोबर बांधून ठेवायचा, म्हणजे वेळ आलीच तर घाटातल्या कुठल्याही गॅरेजात अर्ध्या दिवसात जुना संसार परत मांडता येईल. दाजींनी तो ठेवला होता. कुठं, ते ताईनं सांगितलं.

“माळ्यावर माझ्या लोणच्याच्या बरण्या असतात ना, तिथं. काढा म्हटलं तर म्हणतात, राहू दे, पावसाळा जाऊ दे. आणि पाव्हण्यासमोर सांगते, परवा बरणी काढायला गेले तर त्याला तेल लावून ठेवलेलं. गाडीला नाही लावत कधी एवढं!”

दाजींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि आमटी वाढायला सांगितली.